न लागलेला दिवा

सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळच्या एका वाडीत एक जुनी डिझेल जीप आहे. दवाखान्याला निघालेले रोगी, भाजीच्या पाट्या, कॉलेजात जाणारी मुले, या सर्वांना पोटात घेऊन ती रोज डोंगर उतरते आणि दिवेलागणीला परतते. चार माणसांच्या एका घराची चूल या वडापाच्या जिवावर पेटते.

पौषातल्या एका पहाटे मात्र किल्ली फिरवताच जीपने नुसता ‘कट्’ असा आवाज केला आणि ती गप्प बसली. बॅटरी नवी घेऊन महिनाही लोटला नव्हता. शिवाय दोनच दिवसांपूर्वी ती चार्ज करून आणलेली! जीपवाल्याचा संताप अनावर झाला. साताऱ्याच्या दुकानदाराने जुनीच बॅटरी पुसून आपल्या गळ्यात मारली, अशी त्याची खात्री पटली. तो दुकानदार त्याचा वीस वर्षांचा स्नेही; पण राग आला म्हणजे स्नेहाचा हिशेब कोण ठेवतो? शेजाऱ्यांनी जीप उतारावर ढकलून सुरू करून दिली. ‘उद्या ही बॅटरी त्याच्या फळीवर आदळतो,’ असे बजावूनच तो कामावर गेला.

त्याची धाकटी मुलगी सातवीत शिकते. थोरला मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री होण्याचे शिक्षण घेतो. त्याचा मल्टिमीटर घरीच होता आणि तो कसा लावावा हे त्याने बहिणीला दाखवून ठेवले होते. संध्याकाळी जीप अंगणात आली तेव्हा ती म्हणाली, “आबा, भांडायला जाण्याआधी एकदा मोजून तरी बघू या.”

बॅटरी ही काही विजेची विहीर नव्हे. ती रांजण होय. विहिरीला झरा असतो. रांजणात ओतावे तेवढेच निघते. शिसे आणि गंधकाम्ल यांचा असा पहिला रांजण गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केला. मोटारीच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट; म्हणून भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली तर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर हा रांजण पुन्हा भरू लागतो. त्या वेळी बॅटरीच्या टोकांवर बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत.

इंजिन चालूच होते. वडिलांनी मुलीला वेणी व ओढणी आवरून फिरत्या पट्ट्यापासून दूर उभे केले, आणि मल्टिमीटरच्या तारा स्वतः बॅटरीला लावल्या. आकडा आला ११.९! म्हणजे रांजण रोज रिकामा होत होता आणि भरणारे कोणी नव्हते. नवी बॅटरी आणली असती तर तिचीही चार दिवसांत हीच गत होती.

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो ताणलेला होता. टोकांवर साचलेली पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, टोके कोरडी करून घट्ट आवळली. (अशा वेळी विडीकाडी जवळ नको; बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो.) मग वडिलांनी नुसती किल्ली फिरवली. मुलगी चाकामागच्या फळ्याकडे निरखून पाहत होती.

“आबा, बॅटरीचे चित्र असलेला तो लाल दिवा मुळी लागतच नाही!”

“न लागेना! लागला तर बिघाड समजायचा.”

“पण दादा म्हणतो, इंजिन सुरू होण्याआधी तो लागलाच पाहिजे, सुरू झाल्यावर विझावा.”

वडील थबकले. कित्येक दिवस तो दिवा दिसत नाही म्हणून ते निश्चिंत होते. आल्टरनेटरच्या पोटातला चुंबक कायमचा नसतो. त्याला जागे करण्यासाठी प्रारंभी थोडी वीज द्यावी लागते. पुष्कळ जुन्या गाड्यांत ही वीज याच चिमुकल्या दिव्यातून जाते. दिवा जळाला की वाट तुटली, आणि आल्टरनेटर नुसताच गरगर फिरत राहिला! एवढ्या मोठ्या यंत्राचा प्राण एका बोंडाएवढ्या दिव्यात ठेवावा, ही रचना करणाऱ्याची काटकसर म्हणावी की खोडसाळपणा?

फळ्यातलाच दुसरा, तशाच मापाचा दिवा काढून तेथे बसवला. किल्ली फिरवताच लाल खूण उजळली. जीप उतारावरून सुरू केली, खूण विझली. मुलीने मल्टिमीटर वाचला, “चौदा पूर्णांक एक!” मोठे दिवे लावले तरी आकडा फारसा उतरला नाही. तासभर इंजिन चालू ठेवले, तेव्हा रात्रीचे जेवण निवून गेले होते.

दुसऱ्या दिवशी जीपवाला साताऱ्याच्या दुकानात गेला खरा. पण दोन लहान दिवे मागण्यासाठी. दुकानदाराने नेहमीप्रमाणे चहा सांगितला आणि विचारले, “काय, नवी बॅटरी कशी चालली आहे?”

“नामी!” तो म्हणाला, आणि मान खाली घालून बशीत चहा ओतू लागला.