आरपीएमची वायर

श्रीपूरला पांडुरंग साखर कारखान्याचा पट्टा पडला की उसाच्या गाड्या थांबतात आणि आम्हा वायरमन लोकांना काम लागतं. अशाच एका एप्रिलात ऊस वाहतुकीतले एक आण्णा आपली डिझेल जीप आणि रिमोट स्टार्टरचा डबा घेऊन आले. आईला डायलिसिससाठी अकलूजला न्यायचं, आणि तापलेल्या गाडीत म्हातारीला बसवत नाही. घरातूनच गाडी चालू होऊन एसीनं ती गार व्हायला हवी होती.

बॅटरी, इग्निशन, सेल्फ, हिटर या वायरी सहज सापडतात. अडतं ते आरपीएमपाशी. चावी फिरवताना इंजिन लागल्याचं कानाला कळतं आणि हात आपोआप सुटतो. रिमोट स्टार्टरच्या मॉड्यूलला कान नाही. वेग कळला नाही, तर ते बॅटरीच्या व्होल्टवरून अंदाज बांधतं. सेल्फ फिरताना व्होल्ट 10 च्या आसपास उतरतात, चार्जिंग सुरू झालं की 14 कडे जातात. पण काही डायनामो रेस दिल्याशिवाय चार्जिंगच धरत नाहीत. मग इंजिन चालू असतानाही सेल्फ घासत राहतो आणि त्याचे दात जातात.

पेट्रोल गाडीत वेगाचा हा सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हला मिळतो. डिझेलला ती कॉइलच नसते. म्हणून डायनामोच्या पाठीमागचा ऑइल-धुळीचा थर खरवडला, तेव्हा जाड वायरीच्या बाजूला ‘डब्ल्यू’ अक्षर दिसलं. हा पॉइंट डायोडच्या अलीकडे, वाइंडिंगच्या एका फेजवरून निघतो. मीटर एसी व्होल्टवर लावला, 7 दाखवले. आण्णांनी रेस दिली, तरी 7 च.

“वायर चुकली का ओ मिस्त्री?”

चुकली नव्हती. रेग्युलेटर व्होल्ट वाढू देत नाही, वाढतात ते ठोके. मीटर हर्ट्झवर फिरवला. आयडलला दीडशेच्या वर, रेस दिल्यावर तीनशेच्या पुढं, पाय काढला की पुन्हा खाली. हीच ती वायर. नुसता पीळ देऊन टेप मारलेला जोड मला चालत नाही. सोल्डर केलं, श्रिंक ट्यूब चढवली, वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून आत घेतली आणि मॉड्यूलला आयडलचा वेग शिकवला.

आण्णांना लगेच बटण दाबायचं होतं. मी दाबू दिलं नाही. गिअरमध्ये राहिलेली गाडी सेल्फ मारताच उडी घेते, मग पुढं पोर असो की जनावर. आधी हँडब्रेकच्या आणि दारांच्या वायरी जोडल्या. आता गाडी उभी करताना ती न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच उतरायचं. दार लागलं की मॉड्यूल इंजिन बंद करतं. त्यानंतर दार एकदा जरी उघडलं तरी रिमोट चालत नाही. हा सगळा क्रम मी आण्णांकडून माझ्यासमोर करून घेतला, आणि संध्याकाळी ड्रायव्हरला बोलावून त्याच्याकडूनही.