चिप उडाली, प्रोग्रॅम राहिला

'चिप उडाली' असं आपण फार सहज म्हणतो. खरं तर बऱ्याचदा तिचा एखादा कोपराच उडालेला असतो. बाहेरच्या तारेतून जादा व्होल्टेज आलं की आधी पिनजवळची सर्किट जळतात. आतली फ्लॅश मेमरी शाबूत असू शकते. तिथला प्रत्येक बिट म्हणजे ऑक्साइडनं वेढलेल्या गेटवर अडकलेला विद्युतभार, आणि त्याला टिकून राहायला वीज लागत नाही. एटमेगा८ च्या डेटाशीटमध्ये तर २५ अंश सेल्सियसला १०० वर्षं टिकेल असं लिहिलंय!

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझा मामा. त्याच्या वर्कशॉपमधल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा कंट्रोलर ऐन पावसाळ्यात बंद पडला. आत हीच २८ पायांची चिप. कंट्रोलर बनवणारे गृहस्थ आता हयात नाहीत, सोर्स कोड कुठेच नाही. भट्टी बंद म्हणजे काम बंद. "तू कॉम्प्युटरवाला ना? बघ की जरा!"

प्रोग्रॅमरला लावली, तर चिप ढिम्म. बरेच लोक इथेच हात टेकतात. पण फ्यूज बिट्स बाहेरच्या क्रिस्टलसाठी सेट केलेले असतील, तर क्लॉक मिळाल्याशिवाय ही चिप आयएसपीवर उत्तरच देत नाही. जुन्या बोर्डवरचा क्रिस्टल काढून जोडला. चिप तापत होती म्हणून करंटवर मर्यादा घातली. आणि काय सांगू, सिग्नेचरचे तीन बाइट आले!

आता धाकधूक लॉक बिट्सची. हे कुलूप असलं तर ते काढायचा सरळ मार्ग एकच, चिप इरेज. त्यात आधी प्रोग्रॅम पुसला जातो आणि मगच कुलूप निघतं. म्हणजे घर पाडून दार उघडायचं! नशीब, त्या भल्या माणसानं कुलूप लावलंच नव्हतं. ८ केबी फ्लॅश आणि ५१२ बाइट ईईप्रॉम तीन-तीनदा वाचून फाइल्स ताडून पाहिल्या. तंतोतंत सारख्या. फ्यूज बिट्ससकट सगळं नव्या चिपवर चढवलं आणि भट्टी सुरू झाली.

पण हेक्स फाइल म्हणजे सोर्स कोड नव्हे. डिसअसेंबल केलं, तर ना नावं, ना कॉमेंट. एका जागी एका पिनवरचा सिग्नल बदलला की ४० सेकंद तापमान वाचायचंच नाही, असं दिसलं. मला तो बग वाटला. मामाकडच्या जुन्या कारागिराला विचारलं.

"दार उघडलं की गार वारा लागून आकडा खोटा पडतो. त्यावर हीटर सोडला तर माल बिघडतो. साहेब घड्याळ लावून बसले होते तेव्हा."

चिपनं मला ४० हा आकडा दिला, कारण मात्र या काकांकडे होतं. आणि काका पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

म्हणून हेक्स फाइल, फ्यूज बिट्स आणि काकांनी सांगितलेलं सगळं एका वहीत उतरवलं. वही कंट्रोलरच्या डब्यातच ठेवलीय. तुमच्या ओळखीत असं एखादं मशीन असेल, तर चिप धडधाकट असतानाच हे करून टाका. आणि ते चालवणाऱ्या माणसाशी आधी बोला.