इष्ट कोणाला म्हणावे?

आई गेली त्याला आता दोन वर्षे होतील. आमच्यापैकी एकाची ती आई आणि दुसरीची सासू; पण घरात हाक एकच होती. तिच्या मागे देव्हारा राहिला. त्यात खंडोबाचा टाक, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कोपऱ्यात, वर्षानुवर्षे शेंदूर लावल्याने जवळजवळ झाकून गेलेली गणपतीची एक तसबीर. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. संतांच्या देवाविषयी वर्गात तास तास बोलतो. या देव्हाऱ्यापुढे मात्र आम्ही मुके झालो. पूजा करावी तर ते श्रद्धेचे सोंग वाटे, आणि बंद करावी तर हात धजेना.

अशा मनःस्थितीत संस्कृत विभागातून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी उपाय सुचवला. "कुलदैवत वंशाने येते, ग्रामदैवत गावाने. इष्टदैवत मात्र ज्याचे त्याचे असते आणि ते पत्रिकेतून काढता येते. ते एकदा काढा, म्हणजे देव्हाऱ्यात कोणाला ठेवायचे हा प्रश्नच राहणार नाही."

फलज्योतिषाविषयी आम्ही अजाण होतो असे नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली घेतलेली चाचणी आम्हाला ठाऊक होती. बुद्धिमान आणि गतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून कोणती कोणाची हे ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश ४६ टक्क्यांच्या आसपास निघाले. नाणे उडवूनही तेवढे साधले असते. हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगितलेही आहे. तरीही आम्ही पत्रिका घेऊन गेलो. शोकात माणसाला पुराव्याची भूक नसते. कोणीतरी ठाम स्वरात काही सांगावे, एवढेच हवे असते.

रीत जैमिनीच्या परंपरेतली. ज्या ग्रहाचे आपल्या राशीतले अंश सर्वांत अधिक, तो आत्मकारक. तो नवमांशात ज्या राशीला असेल तो कारकांश. कारकांशापासून बारावे स्थान मोक्षाचे. तिथे असलेला ग्रह, आणि स्थान रिकामे असल्यास त्या राशीचा स्वामी, देवता दाखवतो. रवी शिवाकडे नेतो, चंद्र गौरीकडे, मंगळ स्कंदाकडे, बुध आणि शनी विष्णूकडे, शुक्र लक्ष्मीकडे, राहू दुर्गेकडे. आमच्यातल्या दुसरीच्या पत्रिकेत चंद्र कन्येच्या अठ्ठाविसाव्या अंशावर, म्हणून तोच आत्मकारक. नवमांशातही तो कन्येतच. बारावी रास सिंह, ती रिकामी, स्वामी रवी. उत्तर आले: शिव. आम्हाला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

घरी आल्यावर जुन्या ट्रंकेत रत्नागिरीच्या माहेरी केलेली मूळ पत्रिका सापडली. तिच्यात चंद्र तुळेत होता. चूक कोणाचीच नव्हती. सहकाऱ्यांनी चित्रापक्षाचे अयनांश घेतले होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात स्वीकारले ते. माहेरची पत्रिका टिळक पंचांगावरची, म्हणजे रेवती तारा आरंभस्थानी मानणारी. दोन्हींत अंतर सुमारे चार अंशांचे, आणि एक नवमांश अवघा तीन अंश वीस कलांचा. म्हणजे आरंभबिंदूविषयीचा मतभेदच एका नवमांशाहून मोठा. माहेरच्या गणिताने शनी आत्मकारक झाला, कारकांश धनू, बारावी रास वृश्चिक, स्वामी मंगळ. आणि देवता कार्तिकेय.

आता पंचाईत अशी की बाईने कार्तिकस्वामीचे दर्शन घेऊ नये, अशी आपल्याकडे रूढी. मुभा फक्त कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असतानाची. सहकारी जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मग चित्रापक्षच धरू. शिवाचेच करा."

त्या क्षणी आम्हाला कळले की निवड झाली होती, पण ती आकाशाने केली नव्हती. सोयीने केली होती.

परतताना शब्दाचा विचार मनात घोळत राहिला. संस्कृतात 'इष्ट' हे रूप दोन धातूंपासून होते. 'इष्' म्हणजे इच्छिणे, 'यज्' म्हणजे पूजणे. जो हवासा वाटला तो आणि जो पूजला तो, दोघांचे नाव एकच. आपण इष्टमित्र म्हणतो तेव्हा मित्र कोणी गणिताने काढून दिलेला नसतो. जन्माने मिळालेले देव माणूस नाकारूही शकतो, हे तर याच नागपूरने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पाहिले आहे. नाकारणे असो की स्वीकारणे, त्यात माणसाची इच्छा असते. पत्रिकेच्या रीतीत नेमकी इच्छेलाच जागा नाही.

आणि मग आई आठवली. तिची पत्रिका कधी झालीच नाही. वर्ध्याकडच्या एका खेड्यात, आखाडीच्या सुमारास, पाऊस फार होता त्या वर्षी, एवढीच तिच्या जन्माची नोंद. या शास्त्राने तिला कोणतेच दैवत दिले नसते. माहेरची देवी लग्नात मागे राहिली. सासरचा खंडोबा तिने निमूट स्वीकारला. बाईचे कुलदैवत असे एका दिवसात बदलते. पण सीताबर्डीच्या टेकडीवरचा गणपती तिने स्वतः धरला होता. दर मंगळवारी ती तिथे जाई. एकदा आम्ही कारण विचारले. नवसाची किंवा साक्षात्काराची गोष्ट ऐकू येईल असे वाटले होते. ती म्हणाली, "नवी होते तेव्हा इथं कोणी ओळखीचं नव्हतं. टेकडीवर बसलं की स्टेशनातली गाडी ऐकू ये. वाटे, ही वर्ध्याची असंल."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

दोन्ही पत्रिका पुन्हा ट्रंकेत गेल्या. देव्हारा आहे तसाच आहे. श्रद्धा आली असे म्हणणार नाही. ती अशी बोलावून येत नसावी. मात्र मागल्या मंगळवारी तास संपल्यावर आम्ही दोघे टेकडीवर गेलो. दर्शन घेऊन बराच वेळ बसलो. खाली एक गाडी शिटी देऊन निघाली. ती कुठे चालली होती, हे आम्ही कोणालाच विचारले नाही.