हुकमाचा टॉवर

हल्ली कुठल्याही ऑफिसात डोकावा, एक तरी टॅरोवाली सापडतेच. कुणाचा बॉस खडूस निघाला, कुणाचं लग्न जमेना, की सगळे तिच्या डेस्कभोवती गोळा! आमच्या जाहिरात एजन्सीत हे खातं आमच्या कॉपीरायटर मैत्रिणीकडे होतं. तिचा कॅटही असातसा नव्हता. सोनेरी पार्श्वभूमी, नाजूक चेहरे, जरीचे वाटावेत असे झगे. मी पडले ग्राफिक डिझायनर, त्यामुळे भविष्यापेक्षा माझा जीव त्या चित्रांतच अडकायचा.

तर झालं असं, की गेल्या वर्षी आमचा सगळ्यात मोठा क्लायंट सुटला आणि ‘टीम लहान करणार’ अशी कुजबुज सुरू झाली. माझ्या फ्लॅटचे हप्ते नुकतेच चालू झालेले, त्यात बाबा रिटायर. लंच अवरमध्ये मीही एक पान ओढलं. टॉवर! वीज पडून कोसळणारा मनोरा. मैत्रीण काही बोललीच नाही. बाकीच्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा ड्रॉवर आवरायलाच घ्यावा.

रात्री झोप कुठली यायला? मग त्या कॅटचीच कुंडली काढायला बसले. आणि काय सांगू, हाती भलताच खजिना लागला.

ही चित्रं इटलीतल्या मिलानची. साधारण १४५० च्या सुमाराला फ्रान्चेस्को स्फोर्झा तिथला ड्यूक झाला. त्याची बायको बियांका मारिया ही आधीच्या विस्कोंती घराण्यातली. या दोन्ही घराण्यांच्या नावानं हा कॅट ओळखला जातो, विस्कोंती-स्फोर्झा. बहुतेक पानांचं श्रेय बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराला देतात. प्रत्येक पान तळहातापेक्षा लांब, जवळजवळ १७ सेंटिमीटर, आणि त्यावर अस्सल सोन्याचा वर्ख! आज त्यातली ३५ पानं न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कर्रारामध्ये आणि १३ तिथल्याच कोलेओनी घराण्याकडे. बेरीज केलीत? ७४. पूर्ण कॅट असतो ७८ पानांचा.

मग उरलेली चार कोणती? सैतान, तलवारीची तिर्री, नाण्यांचा घोडेस्वार आणि... टॉवर!

म्हणजे ज्या पानानं माझी झोप उडवली, ते त्या जुन्या संचात आज नाहीच. नव्या छापील कॅटसाठी आपल्या काळातल्या चित्रकारानं ते जुन्या शैलीत रंगवून दिलंय. मला एकदम हसूच फुटलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. ड्यूकच्या दरबारात या पानांवर कुणी भविष्य बघत नव्हतं. ते चक्क पत्ते खेळायचे! खेळाचं नाव तारोक्की. प्याले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, शिवाय २१ कायमचे हुकूम आणि एक मूर्ख. उतारीचा रंग पाळायचा, तो हातात नसेल तर हुकूम मारायचा. आपला मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नकोच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची १२० पानंही अशीच हातानं रंगवलेली, आणि तीही खेळण्यासाठीच. टॅरोभोवती गूढ वलय आलं ते अठराव्या शतकात. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या गृहस्थांनी जाहीर केलं, की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. ती १८२२ मध्ये उलगडली. पण कल्पना चिकटली ती चिकटलीच.

खेळात टॉवर हा सोळावा हुकूम. मृत्यू तेरावा, सैतान पंधरावा. म्हणजे ही घाबरवणारी पानं हातात आली तर खेळणारा मनातल्या मनात खूश! आणि नशिबाचं चक्र बघाल, तर चाकावर सगळ्यात वर बसलेल्या माणसाला गाढवाचे कान आहेत. मला आमचे वरच्या मजल्यावरचे साहेब आठवले, दुसरं कोण?

त्या शुक्रवारी यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. मैत्रिणीचं होतं.

तिनं सगळ्यांची पानं काढली होती, स्वतःचं कधीच नाही. खोक्यात मग, चार्जर, मनीप्लांट भरताना ती कॅट माझ्यापुढे धरून म्हणाली, “ठेव तुला. मला आता याचं तोंडही बघायचं नाही.” तिच्या घरचा निम्मा खर्च तिच्या पगारावर चालायचा, हे मला माहीत होतं. अशा वेळी ‘होईल गं सगळं नीट’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी एवढंच म्हटलं, “शनिवारी चहाला ये. खेळायला शिकवते.”

ती आली. मग दर शनिवारी आली. माझे बाबा आणि शेजारच्या काकू धरून आम्ही चौघं. नियम आम्ही जरा सोपे करून घेतले. बाबांना तर सैतान एवढा आवडला, की तो आला की त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. मैत्रिणीला दुसरी नोकरी मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तिनं कुणाचंही भविष्य सांगितलं नाही. बायोडेटा मात्र पानं पिसता पिसता आम्ही सहा वेळा बदलला.

एका शनिवारी बाबांनी प्याल्यांचा राजा टाकला. सगळ्यांना वाटलं, हात त्यांचाच. मैत्रिणीकडचे प्याले संपलेले. तिनं शांतपणे टॉवर काढला, राजावर आपटला आणि चारही पानं ओढून घेतली.

“काका,” ती म्हणाली, “उतारी माझी.”