मुद्दल किती?

अण्णा सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात ३४ वर्षं होते. तारण आणि दोन जामीनदार असल्याशिवाय त्यांनी सख्ख्या मेहुण्याचाही अर्ज पुढे सरकवला नव्हता. त्या रागाने मेहुण्याने दोन दिवाळ्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही, हे ते स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्याच अण्णांनी २०१९ च्या फेब्रुवारीत मला लाख रुपये दिले. कागद नाही, जामीन नाही. ते लाख मी केव्हाच फेडले. त्यांनी मला एक प्रश्न शिकवला, त्याचं देणं मात्र अजून अंगावर आहे.

ते आमच्या खाली, तळमजल्यावर राहायचे. मी हायस्कूलवर मराठी शिकवत होते. वय ५६, निवृत्तीला दोन वर्षं. जानेवारीत मिरजेला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्तन राखून गाठ तेवढी काढली, काखेतल्या तीन ग्रंथी तपासायला पाठवल्या. आठवड्याने रिपोर्ट आला. गाठ १.६ सेंटिमीटर, ग्रेड २, काखेत काही नाही, ई.आर. आणि पी.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट एवढंच मला ठाऊक, म्हणून ते दोन शब्द वाचून मी दिवसभर जेवले नाही. ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसली गेलीय आणि त्यामुळेच गोळीने तिचा खुराक तोडता येतो, म्हणजे रिपोर्टातली हीच त्यातल्या त्यात चांगली बातमी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "केमो घेऊन टाका. धोका तीस टक्क्यांनी कमी होतो. मग रेडिएशन, मग पाच वर्षं गोळी." पाच-सहा मिनिटांत आम्ही बाहेर. आमचे हे म्हणाले, तीस टक्के म्हणजे काही थोडे नाहीत. कोल्हापूरची बहीण फोनवर म्हणाली, सगळं करून मोकळी हो. नणंदेने केमोने गेलेल्या तिघांची नावं सांगितली आणि कसलासा काढा पाठवून दिला. मी तो कुंडीत ओतला. गुलाबाला काही झालं नाही.

जिन्यात अण्णा भेटले. डोळे पाहून त्यांनी विचारलंच. मी सांगितलं.

"तीस टक्के? कशाचे?"

"धोक्याचे."

"ते कळलं हो. पण धोका मुळात किती? मुद्दल किती ते सांगा की बाई. बारा टक्के व्याज म्हटलं की माणूस दचकतो. शंभर रुपयांवर असेल तर बारा रुपये, लाखावर असेल तर बारा हजार. नुसत्या टक्क्याला बँकेत कोणी विचारत नाही."

मला सांगता येईना. मुलांना अलंकार शिकवून शिकवून उभी हयात गेलेली. शेकडेवारीशी माझा संबंध निकालाच्या दिवसापुरता.

"मग सही करायची नाही. जा, विचारून या."

मी गेले, विचारलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. असं नेमकं सांगता येत नसतं, तुम्ही हे डोक्यात घेऊ नका, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. माझे टाके इतके सुबक घातले होते की ड्रेसिंगवाली सिस्टर ते बाकीच्यांना बोलावून दाखवायची. पण उत्तर मिळालं नाही ते नाहीच. अण्णा म्हणाले, "एका शाखेत दाद लागली नाही तर दुसऱ्या शाखेत जायचं."

दुसरी शाखा म्हणजे परळचं टाटा हॉस्पिटल. महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो. तिथली गर्दी, फाइली आणि रांगा यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी भर घालत नाही. रांगेत परभणीकडची एक बाई शेजारी होती, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली. तिची गाठ हर-टू पॉझिटिव्ह, काखेतही पोचलेली. केमो आणि वर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, वर्षभर. मी माझी अडचण सांगितली तेव्हा ती म्हणाली, "ताई, आमचं ठरवायचं काही राहिलंच नाही, म्हणून मी झोपते तरी. तुम्हाला ठरवायचंय ना, म्हणून झोप नाही." तिच्या केसमध्ये केमो टाळणं म्हणजे जीवावर उदार होणं झालं असतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे ठरवलं ते तिला किंवा तिच्यासारखीला लागू नाही.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. मी घोकून ठेवलेला प्रश्न विचारला : मुद्दल किती? ती हसली. हा शब्द कुणी सांगितला, म्हणाली. खालच्या अण्णांनी, म्हटलं. तिने एक पाठकोरा कागद ओढला आणि त्यावर दहाच्या दहा ओळी, असे शंभर ठिपके काढले.

"या तुमच्यासारख्या शंभर बायका. ऑपरेशन आणि रेडिएशन झालेलं, गोळी चालू. पुढच्या दहा वर्षांत यातल्या साधारण दहा जणींना रोग परत दिसेल, असं धरू." तिने दहा ठिपक्यांना गोल केले. "आता सगळ्याच शंभर जणींना केमो दिली आणि ते तीस टक्के खरे धरले, तर या दहांतल्या तीन वाचतील." तिने तीन गोलांवर काट मारली. "सात जणींना केमो घेऊनही रोग येईल. आणि या नव्वद जणींना तो येणारच नव्हता. त्यांचे केस, उलट्या, अशक्तपणा, सगळं फुकट."

तीस टक्के म्हणजे तीन बायका. मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

"यातला मी कुठला ठिपका?"

"तेच तर कळत नाही. पण थोडा अंदाज देणारी एक तपासणी आहे." काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा अमेरिकेत, कॅलिफोर्नियाला पाठवायचा. तिथे २१ जनुकं तपासून शून्य ते शंभर असा एक आकडा काढतात. आकडा लहान असला तर केमोने हाती फारसं काही लागत नाही. किंमत ऐकली आणि यांनी माझ्याकडे बघितलं. लाखांतली गोष्ट होती.

सांगलीला परतल्यावर तो ठिपक्यांचा कागद अण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून गोल मोजले, काटा मोजल्या. "ही पोरगी आमच्या बँकेत पाहिजे होती," म्हणाले. मग किमतीचं बोलणं निघालं. एका आकड्यासाठी एवढे पैसे घालायचे, असं यांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, "जमिनीवर कर्ज द्यायच्या आधी सातबारा काढतो, वकिलाचा सर्च रिपोर्ट घेतो. त्याला पैसे पडतातच. तो खर्च वाया गेला असं मी कधी म्हटलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मुदतठेव मोडली. मुदतीआधी ठेव मोडणाऱ्यांना ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते.

आकडा आला १७.

परळच्या डॉक्टरणीने त्याचा अर्थ सांगितला. आदल्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, टेलरएक्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, पेरू इथल्या १०,२७३ बायकांनी त्यात नावं नोंदवली होती. काखेत रोग नाही, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे माझ्याच जातीची गाठ. ज्यांचा आकडा ११ ते २५ आला, त्यातल्या कुणाला केमो द्यायची आणि कुणाला नुसती गोळी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. अशा ६,७११ बायकांचा नऊ वर्षांचा हिशेब मांडला. नुसती गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८३.३ जणी जिवंत आणि रोगाविना. केमोही घेतलेल्या ८४.३. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पन्नाशीच्या आतल्या बायकांत आकडा १६ किंवा त्याहून जास्त असेल तर केमोचा थोडा फायदा दिसला होता. मी ५६ ची होते.

माझ्या मनात सारख्या त्या बायका येतात. हातात रिपोर्ट, पोटात गोळा, आणि समोरचा विचारतो, तुमचं औषध चिठ्ठीने ठरलं तर चालेल का? त्या हो म्हणाल्या. केमो आपल्याला लागेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. लिमा किंवा डब्लिनच्या कुणा बाईच्या होकारावर माझं सांगलीतलं उत्तर अवलंबून होतं. तिचं नाव मला कधी कळायचं नाही. अण्णांचं निदान माहीत तरी आहे.

आकडे कळूनही भीती गेली असं मात्र नाही. त्या रात्री मी खाली जाऊन विचारलं, अण्णा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? ते लगेच म्हणाले, "मी हिशेब समजावून सांगतो. सही कर्जदाराची." मला थोडा रागच आला. रात्री दोनपर्यंत जागी होते. सकाळी उठून यांना सांगितलं, केमो नको.

रेडिएशनच्या १५ फेऱ्या मिरजेलाच झाल्या. ८ एप्रिल २०१९ ला लेट्रोझोल सुरू केली. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन करायचं थांबवतात, पण अंगातल्या चरबीत ते थोडं थोडं बनत राहतं. ही गोळी ते बनवणाऱ्या एन्झाइमला अडवते. रोज एक, पाच वर्षं. अण्णांनी दोनशे पानी वही आणली. दोन लीप वर्षं धरून १,८२७ हप्ते, असं पहिल्या पानावर लिहिलं. रोज संध्याकाळी जिन्यातून हाक यायची, "बाई, हप्ता गेला का?" मी हो म्हटलं की खाली टिक.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला खिडकीपर्यंत बुडाला. अण्णा वर आले ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवींच्या पावत्या, पत्नीचा फोटो आणि ती वही घेऊन. आठ दिवस आमच्याकडे होते. टिक चुकली नाही.

चुकवलं मी. २०२१ च्या पावसाळ्यात या गोळीने बोटं इतकी आखडायला लागली की सकाळी कपाचा कान धरता येईना. डेक्सा तपासणीत हाडं विरळ झालेली दिसली होती, त्यासाठी कॅल्शियम आणि सहा महिन्यांनी एक सलाइन चालू होतं. मी गोळी बंद केली आणि जिन्यातल्या हाकेला मात्र हो म्हणत राहिले. १९ दिवस. अण्णांनी एक दिवस सहज मेडिकलची बिलं मागितली. तारखा जुळेनात.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "थकबाकी झाली की आम्ही आधी विचारायचो, अडचण काय आहे." त्यांनीच डॉक्टरांना फोन करायला लावला. लेट्रोझोलच्या जागी एक्झेमेस्टेन आली, रोज चालायला सांगितलं. दुखणं गेलं नाही, पण कप धरता यायला लागला. अण्णांनी वहीत १९ टिका खोडल्या आणि शेवटच्या पानावर मुदत वाढवून लिहिली : २६ एप्रिल २०२४.

लाख रुपये पाच-पाच हजारांनी मी आधीच फेडले होते. व्याजाचं पाकीट घेऊन गेले, तर म्हणाले, कागदच नाही तर व्याज कशाचं?

२०२२ मध्ये ते पुण्याला मुलाकडे गेले. वही जाताना मला दिली. पुढच्या टिका माझ्या हाताच्या. २०२४ च्या २६ एप्रिलला शेवटची गोळी घेऊन फोन लावला. "अण्णा, खातं बंद झालं."

"बेबाकी दाखला घेतलात का?"

या रोगात असा दाखला कोणी लिहून देत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मे महिन्यात मॅमोग्राफी झाली, काही निघालं नाही. रिपोर्टची झेरॉक्स पोस्टाने पाठवा, म्हणाले, मोबाइलवरचं वाचता येत नाही. रजिस्टरने पाठवली.