गीझर किती लिटरचा?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि विषय म्हणाल तर गीझर! हसू नका. यावरून आमच्याकडे आठवडाभर फोनाफोनी झाली.

डहाणूच्या पूर्वेला, धुंदलवाडीच्या बाजूला आमचं जुनं घर. आई-बाबा दोघंच असतात तिथे. आजवर भागलं ते तांब्याच्या बंबावर. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. जळणाला चिकूच्या वाळक्या काटक्या नाहीतर नारळाची सोडणं. पण आता आईला वाकून राख काढणं होत नाही, धुराने खोकला येतो. म्हणून गीझर.

मी लगेच हिशेब मांडला. गीझरचं पाणी ६० अंशांचं, टाकीतलं २५ च्या आसपास, अंगावर घ्यायला ४० पुरे. म्हणजे १० लिटर कढत पाण्याचं आंघोळीचं २३ लिटर होतं. २५ लिटरच्या गीझरमध्ये साडेतीन बादल्या. दिवाळीला आम्ही दोघं भाऊ, बायका-मुलं धरून दहा जण, पहाटे अभ्यंगस्नानाला ही रांग! तेव्हा २५ लिटरचाच. ठरलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "भरल्यावर वजन किती रे?"

नुसतं पाणीच २५ किलो. टाकीसकट पस्तीसच्या घरात. ते हे का विचारतायत, ते मला पटकन कळलंच नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एका दिवसात लागोपाठ बसले, त्यातला मोठा ४.१ चा. त्या थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपले. आई-बाबासुद्धा. मी ठाण्यात बसून फोनवर "काळजी घ्या" म्हणत होतो.

न्हाणीघराच्या भिंतीवर तेव्हाची तिरकी भेग अजून आहे. भिंत मातीत रचलेल्या विटांची. आणि तिच्यावरच, आईच्या डोक्यावर मी पस्तीस किलो टांगायला निघालो होतो. तेही वर्षातल्या आमच्या चार दिवसांसाठी.

तीन लिटरचा इन्स्टंट बघितला. हलका खरा, पण तो तीन किलोवॅट ओढतो, आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडलं की धार कोमटच येणार. शेवटी १० लिटरचा घेतला. भरून पंधरा-सतरा किलो. दोन किलोवॅटवर साधारण बारा मिनिटांत तापतो, म्हणजे बाबांची आंघोळ उरकून आईची होईपर्यंत पुन्हा तयार. मागच्या नव्या बाथरूममध्ये काँक्रीटचा कॉलम आहे, त्याला लावला, दाराच्या बाजूला, डोक्यावर येणार नाही असा. दुकानदार मात्र शेवटपर्यंत सांगत होता, थोड्याच पैशांचा फरक आहे, मोठा घ्या. असो.

बंब मोडीत काढायचा विषय मी काढला, तर आईने तो चिंचेने लख्ख घासून अंगणात ठेवला. दिवाळीला तोच पेटणार आहे. राख आम्ही दोघा भावांनी काढायची, हे तिने सुनांच्या देखत बजावलंय.