गाडी ओलीस

मला आजवर कुणी ओलीस धरलेलं नाही. माझ्या बदल्यात कुणी काही देईल, असा भ्रम मलाही नाही आणि हिलाही नाही. पण निवृत्त होऊन बंगळूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा आमची गाडी मात्र ओलीस गेली.

गाडी बारा वर्षांची. ट्रान्सपोर्टवाल्यानं ९,००० सांगितले, निम्मे आगाऊ घेतले आणि ती ट्रेलरवर चढवली. "काका, चार दिवसांत दारात!" अकराव्या दिवशी फोन आला. गाडी वाघोलीकडच्या गोदामात आहे, १७,४०० भरा आणि घेऊन जा.

"अहो, साडेचार हजारच राहिलेत!"

"काका, डिझेल वाढलं, टोल, हमाली, गोदामभाडं, जकात..."

जकात! पुण्यातली जकात २०१३ साली गेली. तिच्या जागी आलेला एलबीटीही गेला आणि २०१७ साली जीएसटी आला. मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलणारे मी पाहिलेत, पण मेलेल्या जकातीचे पैसे मागणारा हा पहिलाच. आणि हमाली कसली? गाडी काय डोक्यावरून उतरवली?

"देऊन टाका," ही म्हणाली. भाजीवाल्याशी आठ आण्यांवरून भांडण्यात जिची हयात गेली, ती बाई हे म्हणत होती! मी बघतच राहिलो.

"डिकीत आईचं लोणचं आहे."

सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी घातलेलं ते कैरीचं लोणचं. ही चमचा मोजून वाढते. आणि 'गाडीत घरगुती सामान नाही' या ओळीखाली सही माझी!

पोलीस चौकीत हवालदारसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि "हे दिवाणी प्रकरण आहे," असं सांगितलं. मग हळूच विचारलं, "जकात अजून घेतात?"

शेवटी वकील झालेल्या शाळासोबत्याकडे गेलो. त्यानं आधी बिल्टी मागितली. बिल्टीवर ९,००० स्वच्छ लिहिलेले होते. कर्तृत्व माझं नव्हे, हिनं चष्मा लावून लिहून घेतलं होतं.

"ठरलेलं भाडं थकलं तर गाडी अडवायला त्याला काही आधार मिळेल," तो म्हणाला. "म्हणून आधी राहिलेले साडेचार हजार बँकेतून भर. रोख देऊ नकोस. मग त्याच्या हातात काय उरतं? १८७२च्या करार कायद्याचं १७१ कलम वाच. कसल्याही येण्यापोटी माल धरून ठेवायचा हक्क बँका, धक्केवाले अशा मोजक्यांना. बाकीच्यांना तसा करार असेल तरच."

बिल्टीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं भिंगानं वाचली. काच फुटल्यास, पाऊस पडल्यास आणि भूकंप झाल्यास कंपनी जबाबदार नव्हती. गाडी अडवण्याबद्दल मात्र अक्षर नव्हतं.

पैसे भरले. स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याला कळवला. वर हेही लिहिलं, की २०१९च्या कायद्यानं मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. निवृत्त माणसाला याहून स्वस्त करमणूक कुठली?

"काका, आपल्या घरातली गोष्ट सरकारपर्यंत कशाला?" फोन आला. आकडा आठ हजारांवर आला, मग सहावर. मी प्रत्येक वेळी "लेखी द्या" एवढंच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी "घेऊन जा" आलं.

गोदामात आधी किलोमीटर पाहिले. चढवताना काढलेल्या फोटोपेक्षा ६३ जास्त. मागच्या सीटवर अक्षता! आमची गाडी कुणाच्या तरी वरातीला जाऊन आली होती.

हिनं मात्र थेट डिकी उघडली. बरणी होती. झाकण काढून तिनं आत डोकावलं.

"चार फोडी कमी आहेत."

वॉचमन खाली बघू लागला. हिचा चेहरा मऊ झाला. "खाल्ल्यात तर खाल्ल्यात," ती म्हणाली, "कसं होतं सांगा."

"बरं होतं की, ताई. मीठ जरा जास्त झालंय."

ही माझ्याकडे वळली. "अहो, तो ग्राहक आयोग किती वाजेपर्यंत उघडा असतो?"